खानझोड्यांचं दुपटं

हेमचंद्र खानझोडे यांची नोकरी गेली ती शहाऐंशीच्या मार्चमध्ये. तेलाचे भाव कोसळले तसे कंपन्यांनी इंजिनिअर घरी पाठवले, त्यात हेही. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण हे त्यांना सांगणार कोण? परदेशातल्या शुगर लँड गावच्या मराठी मंडळात ते ‘तेल कंपनीतले खानझोडे’ होते आणि ते तसेच राहायला हवे होते. त्यामुळे गाडी दिवसभर गराजमध्ये, गराजचं दार बंद, आणि फोन वाजला तरी उचलायचा नाही. बायको प्रतिमा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. ती सकाळी कामावर जायची आणि हे पन्नाशीतले नागपूरकर पडदे ओढून दुपारचा टीव्ही बघत बसायचे.

प्रतिमाची भाची दीपा जवळच राहायची आणि तिचे दिवस भरत आले होते. नागपूरहून तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही, म्हणून बाळंतपण मावशीकडे आलं.

“मावशी, आई म्हणते पहिलं दुपटं जुन्या कापडाचंच हवं. नवीन अजिबात नको,” दीपाने सांगितलं.

आता इथे जुनं सुती आणायचं कुठून? सगळ्याजणींच्या साड्या नायलॉनच्या. शेवटी ट्रंकेच्या तळाशी एक पलंगपोस सापडला. लग्नानंतर नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात घेतलेला, ठशांनी छापलेल्या लाल कोयऱ्यांचा, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला.

“कुणाकडून तरी शिवून घेऊ,” प्रतिमा म्हणाली.

“कुणाकडून कशाला? मी करतो.”

भूल उतरताना बडबडणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं प्रतिमाने नवऱ्याकडे बघितलं. पण हेमचंद्र गंमत करत नव्हते. टीव्हीवर त्यांनी एका बाईला बघितलं होतं. एकाच छापील कापडातून तीच नक्षी सहा वेळा कापायची, तुकडे टोकाला टोक लावून जोडायचे, की त्या कापडात कुठेच नसलेलं फूल तयार होतं. इंजिनिअरच्या डोक्याला हे भलतंच आवडलं होतं.

कामाला ते इंजिनिअरसारखेच लागले आणि तिथेच फसले. दोन कोयऱ्यांमधलं अंतर एकदाच मोजलं, कापडाच्या घड्या एकावर एक रचल्या आणि कात्री चालवली. वरच्या घडीची कोयरी झकास निघाली. खालच्यांपैकी कुणाचा शेंडा उडालेला, कुणाचं पोट कापलेलं. छापणाऱ्याचा हात कुठे पुढे सरकला होता, कुठे मागे.

“अहो, ते मशीनवर छापलेलं नाही. एकेक बघून कापा,” प्रतिमा म्हणाली.

स्वारी दोन दिवस रुसून बसली. मग पुठ्ठ्याला कोयरीएवढी खिडकी पाडली, ती कापडावर फिरवून एकेक कोयरी मधोमध धरली आणि पेन्सिलने आखून कापली. फुलं जमू लागली. शेंडे आत वळवले तर एक फूल, बाहेर वळवले तर दुसरंच. आत पातळ कापूस घातला, खाली पांढरं मांजरपाट लावलं आणि सगळ्यावरून बारीक धावदोरा घालायला घेतला. संध्याकाळी प्रतिमा दारात आली रे आली की चहाच्या आधी दुपटं पुढे. पूर्वी ऑफिसातून आल्यावर हा माणूस कामाबद्दल चकार शब्द काढत नसे. आता त्याचं तोंड थांबत नव्हतं, आणि प्रतिमाला ते ऐकत बसायला फार आवडायचं.

जुलैत दीपाला मुलगी झाली. दुपटं प्रतिमाने शिवलं असं सांगायचं दोघांचं ठरलं. नाहीतर ‘तुम्हाला एवढा वेळ कुठून मिळाला?’ हा प्रश्न आलाच असता.

बारशाला सगळं मंडळ दीपाकडे लोटलं. दुपटं या हातातून त्या हातात फिरत होतं.

“प्रतिमाताई, ऑन-कॉल असून एवढं कधी केलंत हो?”

“केलं आपलं मध्येमध्ये,” प्रतिमा घुगऱ्यांच्या ताटलीत बघत म्हणाली. या बाईला स्वतःच्या कोटाचं बटण लावता येत नव्हतं. टाके घालायचे सर्जननं, आपण झोपवायचं, असा तिचा सरळ हिशेब.

इतक्या हातांतून फिरता फिरता दुपट्याच्या कोपऱ्यात दोरा सुटला. दीपाने लगेच सुईदोरा आणून मावशीच्या हातात दिला.

“तूच घाल ना टाका. बेबीला पाळण्यात ठेवायचंय.”

हेमचंद्र पलीकडे पुरुषांत बसले होते. शेजारी प्रताप, एका ड्रिलिंग कंपनीतला बडा साहेब, रविवारीसुद्धा टाय लावणारा. तेलाच्या भावावर गप्पा रंगल्या होत्या आणि हेमचंद्र ‘आमच्या कंपनीत’ असं बिनदिक्कत म्हणत होते. तेवढ्यात त्यांना दिसलं की प्रतिमा सुई उलटी धरून एका कोयरीच्या पोटावर रोखतेय. आता गप्प बसलं तर गुपित राहतं आणि दुपट्याची वाट लागते. त्यांना दुपट्याची वाट लागलेली बघवेना.

“प्रतिमा, थांब. तिथे नको.” ते उठून गेले, तिच्या हातातली सुई घेतली आणि खाली मांडी घालून बसले. सुटलेला दोरा उसवून त्यांनी बारीक धावदोरा घालायला सुरुवात केली. हात इतका सराईत चालत होता की विचारायला काही उरलंच नाही.

“मीच शिवलंय,” मान वर न करता ते म्हणाले. “मार्चपासून घरीच आहे. ले-ऑफ झाला.”

मग दीपा म्हणाली, “काका, मग दुसऱ्या बाजूचा कोपरापण चेक करा ना.” बायका हसल्या आणि त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसल्या. कुणी म्हणालं, मला शिकवा, कुणी म्हणालं, माझ्या सुनेसाठी एक करून द्या. हेमचंद्रांना इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुपटं होईपर्यंत पाळणा म्हणू म्हणत सगळ्या आत गेल्या तेव्हा प्रताप येऊन शेजारी सतरंजीवर बसला. कोयऱ्यांवरून बोट फिरवत राहिला.

“म्हणजे दुपारी तुम्ही घरी असता, खानझोडे.”

“असतो.”

“मी लायब्ररीत असतो. एप्रिलपासून.” त्याने दाराकडे बघितलं, मग आवाज आणखी खाली आणला. “लताला सांगितलेलं नाही अजून.”

लता त्याची बायको. आत पाळणा म्हणणाऱ्यांत तिचाच आवाज वरचा होता. हेमचंद्रांची सुई थांबली.

“उद्या घरी या,” ते म्हणाले. “जेवायलाच या. घरी कसं सांगायचं ते दोघं मिळून ठरवू.” मग गाठ मारायची होती, म्हणून त्यांनी दुपट्याची कड प्रतापच्या हातात दिली आणि म्हणाले, “जरा घट्ट धरा.”