मोरपंखीच्या वाफ्यात शाडू

मोरपंखीची रोपं सकाळी उभी असतात आणि दुपारी आडवी. आधी पिवळी पडणं नाही, सुकणं नाही. वाकून बघावं तर मातीलगतचा देठ पाणी लागल्यासारखा तपकिरी आणि दोऱ्याएवढा बारीक झालेला असतो, शेंडा मात्र हिरवागार. आम्ही रोपवाटिकावाले याला ‘मर’ म्हणतो. बुरशी मातीत असतेच. ओल साचली, हवा कोंडली की ती कोवळं खोड कुजवते. हे मला पाठ आहे, आणि म्हणूनच त्या वर्षी माझा बुरशीवर विश्वास बसेना.

सगळ्या वाफ्यांत बी एकच, पाणी एकच, माती एकाच ढिगातली. मरत होता तो फक्त घराकडचा वाफा. बुरशी इतकी निवडक नसते. माणसं असतात.

आमची रोपवाटिका पुण्याजवळ, मांजरी गावात. चहूबाजूंचा ऊस जाऊन इमारती आल्या, मधे आमचा तुकडा राहिला. जमीन सासूबाईंच्या नावावर. धाकट्या दिरांना ती बिल्डरला द्यायची होती, मला नव्हती. माझे यजमान दोन्हीकडून मान हलवायचे. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला: दिवाळीला मोरपंखीचे वाफे हिरवे दिसले तर रोपवाटिका राहील, नाहीतर सह्या करून मोकळं व्हायचं. श्रावणात मी बी टाकलं, उगवलंही छान. गणपती झाले आणि घराकडचा वाफा बसायला लागला.

आधी मी बीवाल्याला फोन केला. बी खराब असतं तर उगवलंच नसतं, असं तो म्हणाला. त्याचं खरं होतं, त्यामुळे त्याचा जास्तच राग आला. मग कालव्याच्या पाण्यावर संशय घेतला, पण तेच पाणी पिऊन बाकीचे वाफे मजेत होते. ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारलं, काही दिवसांनी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशीही घातली. मर गोल गोल पसरतच राहिली. तेव्हा मी वाफे बघायचं सोडून घराकडे बघायला लागले.

जाऊ, म्हणजे त्याच दिरांची बायको, पहाटे उठते. परड्यातल्या नळापाशी तिची बादली उपडी घातलेली असायची, काठाला करडा थर वाळलेला. वाफ्याच्या कडेला ओल्या पावलांचे ठसे. तणनाशक, असं माझ्या मनाने ठरवूनच टाकलं. माझं माहेर पेठेतलं. आमच्याकडे पुरावा मिळेपर्यंत गप्प राहतात आणि मिळाल्यावर मोजकं बोलतात. मी बादलीचा वास घेतला. तणनाशकाचा वास नव्हता, कुजलेल्या झेंडूचा होता.

मग वाफ्यात बोट घातलं. वर बोटाच्या पेराएवढा करडा, गुळगुळीत, लोण्यासारखा थर. खाली माझी पोयटा-वाळूची माती, श्वास कोंडलेली. थरात दूर्वांचे कुजके तुकडे आणि एक सोनेरी रंगाचा कपचा. मुकुटाचा असणार. शाडू.

जाऊ फुलं तोडत होती. तिला मी वाफ्यापाशी बोलावलं आणि हे काय ओतलंस, असं विचारलं.

“बाप्पाचं पाणी हाय ताई,” ती म्हणाली. “पायदळी येईल तिथं कसं वतायचं?”

आमचा गणपती पाच दिवसांचा, त्याचं विसर्जन घरीच बादलीत. पण एका मूर्तीत एवढी माती निघत नाही. हळूहळू कळलं ते असं की समोरच्या इमारतीतल्या बायकांनाही जाऊने सांगितलं होतं, आमच्याकडे जागा हाय, आणा. कुणाचा दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा दहा. त्या आपापल्या बादल्या घेऊन आल्या आणि हिने रोज पहाटे तांब्या-तांब्याने त्या वाफ्यातल्या सगळ्या रोपांना सारखं वाटलं. कुणी उपाशी राहू नये म्हणून. कुंडीत किंवा झाडाच्या बुंध्याशी हे पाणी सगळं पुणे ओततं, काही बिघडत नाही. बोटभर रोपांच्या वाफ्यात मात्र शाडू बसला की पाणी हटत नाही, आणि वर कुजकी फुलं. बुरशीला आमंत्रणच.

“इथंच ओत, असं कुणी सांगितलं तुला?”

“ह्यांनी,” ती म्हणाली. क्षणभरही न अडखळता.

दिरांनी जन्मभर ऊस केला. कुठल्या रानात पाणी तुंबतं आणि कुठल्या रानातून निघून जातं, हे ते नुसतं चालत जाऊन सांगतात. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा त्या थराची वाळलेली खपली मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

“भाऊजी, ह्या मातीत ऊस लावाल का?”

त्यांनी ती बोटांनी मोडली. “ऊस? ह्यात गवत यायचं न्हाई, वहिनी.”

घराकडच्या वाफ्यातली आहे, मी म्हटलं. यजमानांनी उगाच लोणचं मागून घेतलं. दीर भाकरी कुस्करत राहिले आणि मग म्हणाले, देवाचं होतं, बायकोने तिथे ओतू का विचारलं, नाही कसं म्हणायचं.

सासूबाईंनी ताक खाली ठेवलं. “देवाला न्हाई म्हणवत नसंल, तर बिल्डरला म्हण. त्यो काय देव न्हाई.”

एवढंच झालं. रोपवाटिकेला पुढच्या गणपतीपर्यंत मुदत मिळाली. तो वाफा मी उपसला, मेलेली रोपं जाळली, माती उन्हात पसरली आणि नवं बी शेडनेटखाली उंच ट्रेमध्ये, वाळू आणि कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, टाकलं. बाप्पाच्या मातीसाठी फाटकापाशी चाफ्याच्या आळ्यात मोठं टोपलं ठेवलंय. त्याची देखरेख जाऊकडे, आणि ती ते काम चोख करते. तिच्यावर माझा संशय उरलेला नाही. तिने जे केलं ते मनापासून केलं.

दिरांचं मला अजून ठरवता येत नाही. खरंच देवाला भिऊन त्यांनी तिथे ओत म्हटलं, की देव आयताच कामाला आला म्हणून? सकाळी ते हात मागे बांधून शेडनेटच्या बाहेरून रोपं बघतात. दाराला मी कुलूप लावलंय. कुलूप कशाला, असं त्यांनी एकदा विचारलं. शेळ्या शिरतात, मी म्हटलं. आमच्या आसपास आता शेळी औषधालाही सापडत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. ते मान हलवून निघून गेले.

रोपं सध्या उभी आहेत.