अक्काच्या कपाटाची दारं

माझी थोरली बहीण, अक्का, नव्वदच्या दशकात कुरुंदवाडला दिली. लग्नात आमच्या वडिलांनी, अप्पांनी, तिला चिपबोर्डचं कपाट दिलं. लोखंडी कपाट सगळेच देतात, म्हणून आरशाचं दार असलेलं हे तिनंच पसंत केलं होतं.

चार वर्षांत मूल झालं नाही, म्हणून सासरच्यांनी तिला कोल्हापुरात आमच्याकडं आणून सोडलं. आठवड्यानं टेम्पोतून कपाट आलं. फळ्या सुट्या करून दोरीनं बांधलेल्या, स्क्रू एका पिशवीत. सोबत घरचं कुणीच नव्हतं.

अप्पा साखर कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी दुपारभर खपून कपाट उभं केलं. पण दारं बसवायला गेले तर बिजागरीचे स्क्रू नुसते गरगर फिरायला लागले. सोडवताना कुणीतरी ते हिसकून काढले होते. भोकं रुंद झाली होती आणि आतून भुसा गळत होता. अप्पांनी काड्यापेटीतल्या काड्यांचा गूल खरवडला, काड्या गोंदात बुडवून भोकांत ठोकल्या, दोन दिवस वाळू दिल्या आणि मग स्क्रू पिळले. दारं बसली. अक्कानं साड्या लावल्या.

पाचव्या दिवशी आरशाचं दार फळीचा लचका घेऊनच खाली आलं. काचा मी वेचल्या.

मग अप्पांनी जाड स्क्रू आणले. ते सुटल्यावर बांबूच्या खुंट्या तासून ठोकल्या. त्याही सुटल्यावर बिजागऱ्या चार बोटं खाली सरकवून नवी भोकं पाडली. मधल्या दिवसांत ते एस.टी.नं कुरुंदवाडला जाऊन यायचे. तिकडं काय बोलणं झालं, ते सांगत नसत.

शेवटी गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्यानं फळीवर अंगठा दाबला, तो आत रुतला.

"काका, ह्ये लाकूड न्हाय. दाबल्याला भुसा हाय. एकदा पीळ गेला की न्हाय धरत."

आतून लाकडी पट्टी मारली तर, असं अप्पांनी विचारलं. पट्टी कशाला मारायची, फळीच उरली नाही, असं म्हणून तो उठला.

अप्पा तरी गुडघे टेकून स्क्रू पिळत राहिले. पिळता पिळताच आईला म्हणाले, "त्यास्नी दुसरी करायची आसंल तर करू द्यात. हिला एका कोपऱ्यात ऱ्हाऊ द्या, एवढंच म्हणून आलोय."

अक्का दारात उभी होती. तिनं येऊन त्यांच्या हातातला पेचकस काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या अप्पा. तिकडंबी आता जाऊ नगासा."

तिनं साड्या काढून ट्रंकेत भरल्या. अप्पा तसेच बसून राहिले.

तरीही पुढच्या सोमवारी ते गेलेच. तिकडं दारात लग्नाचा मांडव घातला होता. ते चौकातूनच परतले.

अक्का तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. त्यानंतर ती आमच्याकडंच राहिली. पुढं अप्पा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांचं सगळं तिनंच केलं. पण ती खोलीत आली की अप्पा तिची नजर चुकवून भिंतीकडं तोंड फिरवायचे. शेवटपर्यंत.