न दुखणारा डाग

माझ्या वडिलांनी आयुष्यभर बिब्ब्याविरुद्ध पत्रकं काढली. कंबर धरली की बिब्बा, पोट दुखलं की बिब्बा; त्या बीच्या जहाल तेलानं भाजलेली काळी कातडी घेऊन माणसं दवाखान्यात उशिरा पोचतात, हे त्यांनी देवळीच्या बाजारात घसा फोडून सांगितलं. मी अक्षरं शिकले ती त्याच पत्रकांवर. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आई नाचणगावला मावशीकडे राहून आली. तिथं तिनं शेळ्यांसाठी धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं गवत कापलं होतं. मावशी कशावरही बिब्बा लावते, हे सगळ्यांना ठाऊक. घरी परतल्यावर काही दिवसांनी आईला ताप भरला. बाबा ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होते, तेव्हा कमरेवर काळा डाग दिसला.

"तुह्या बहिणीनंच लावून देल्ला ना?"

"मी नाई लावला बिब्बा."

"मंग आपोआप उगवला काय? मी दुनियेले पत्रकं वाटून राह्यलो, अन् माह्याच घरात बिब्बा."

देवळीच्या डॉक्टरांना आईनं ताप सांगितला, डोकेदुखी सांगितली. डाग लुगड्याखालीच ठेवला. जांघेत गाठ आली तीही सांगितली नाही. टायफॉइडची औषधं सुरू झाली आणि ताप चढतच राहिला. मग तिला धाप लागू लागली, तेव्हा आम्ही वर्ध्याचा मोठा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी बाबांना बाहेर उभं केलं आणि आईचं सगळं अंग तपासलं. डागावर बोट ठेवून विचारलं, दुखतो का? आई नाही म्हणाली. बिब्बा असता तर भाजल्यासारखी आग झाली असती, त्या म्हणाल्या. हा गवतातल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या किड्याचा चावा होता. त्या चाव्यातून जंतू अंगात शिरला होता; आजार, स्क्रब टायफस.

व्हरांड्यात त्यांनी मला समजावलं. कातडीत पहारा देणाऱ्या पेशी असतात. जंतूच्या अंगावरच्या खुणांवरून तो परका आहे हे त्या ओळखतात, त्याला गिळतात आणि जवळच्या गाठीत जाऊन इतर पेशींना त्याचा नमुना दाखवतात. मग सगळं शरीर लढायला उठतं. पण हा जंतू गिळला गेला तरी मरत नाही. ज्या पिशवीत तो मरायचा तिच्यातून निसटतो आणि पहारेकऱ्याच्याच पोटात वाढतो. पहारेकरी बातमी द्यायला गाठीकडे निघतो आणि शत्रूलाही सोबत नेतो. तिथून रक्तात, रक्तातून फुप्फुसात.

औषध जुनं होतं, स्वस्त होतं, कुठेही मिळणारं. देवळीतही मिळालं असतं. डॉक्टरबाईंनी ते लगेच सुरू केलं, पण आता उशीर झालाय, खात्री देता येणार नाही, असंही सांगितलं.

बाबा खाटेजवळ आले. त्यांचा आवाज पडला होता.

"काऊन लपवलं?"

आईनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क थोडा बाजूला केला. "तुम्ही तं बिब्बा ओळखला होता."

ताप उतरला. आई घरी आली, तरी अजून दोन घागरी भरल्या की दमून बसते. बाबांनी तिची माफी मागितली, माझ्यासमोर, हेही लिहायला हवं.

परवा ती न्हाणीतून बाहेर आली. ओसरीवर बाबा बसलेले दिसताच तिनं दंडावर पदर ओढून घेतला. मी विचारलं, काय झालं?

"काई नाई," ती म्हणाली आणि आत गेली.