साहेबांना पोहता येतं!

चार एचआरवाले एकत्र बसले की पगारवाढीवर बोलत असतील असं लोकांना वाटतं. छे! आम्ही नव्या माणसांचे किस्से सांगतो. गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या फॅक्टरीत प्रत्येक बॅच एखादा तरी मागे ठेवून जाते. माझ्याकडे आता इतके साठलेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत.

आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो. पूर्वी नव्यांच्या पहिल्या दिवशी सकाळभर भाषणं असायची. मशीन, नियम, शिस्त, पुन्हा नियम. जेवणाच्या सुट्टीनंतर निम्मे परत यायचेच नाहीत! एकजण तर डबाही विसरून गेला. संध्याकाळी त्याचा फोन, समुद्राकडच्या कुठल्याशा हॉटेलातून. "मॅडम, हयसर काम गावला. माजो डबो तेवडो गेटार ठेवा हां!"

त्याच दिवशी मी ठरवलं, भाषणं बास. पहिली सकाळ खेळांची! आणि अभिमानाने सांगते, तेव्हापासून दुपारच्या खुर्च्या भरलेल्या असतात.

* * *

पहिला खेळ सोपा होता. वर्तमानपत्रं आणि चिकटपट्टी घ्या, उंच मनोरा करा. पण साखळी गावच्या पोरांच्या हातात कागद दिला की काय होतं, हे मला कळायला हवं होतं. दर दिवाळीला नरकासुर बांधून पहाटे जाळणारे हात ते! मनोरा राहिला बाजूला, जीभ बाहेर काढलेला राक्षस उभा.

"मॅडम, उंची शिंगांसकट मोजा!"

जिंकले. मग एकाने साळसूदपणे विचारलं, "आता ह्येका जाळूचो खंय?"

सिक्युरिटीवाला आग विझवायचा सिलिंडर घेऊनच धावत आला. फायर सेफ्टीचं ट्रेनिंग त्यातच उरकलं.

* * *

एका खेळात डोळे बांधलेल्या जोडीदाराला नुसत्या आवाजाने खुर्च्यांमधून पार न्यायचं असतं. भिकूच्या वाट्याला अकाउंट्सची नवी मुलगी आली. भिकू पन्नाशीचा, खाणी बंद पडेपर्यंत खनिजाच्या ट्रकवर क्लीनर होता.

त्याने आधी त्या मुलीला उलटं वळायला लावलं. मग सुरू! "येवंदे, येवंदे... लेफ्ट मार... येवंदे... रव रव रव!" आणि टेबलावर जोरात थाप. मुलगी पाठमोरी चालत पार झाली, एकाही खुर्चीला धक्का नाही.

म्हटलं, "अरे, सरळ का नाही नेलंस?"

"फुडे जावूक क्लीनर कशाक होयो, मॅडम?"

* * *

'दोन खऱ्या, एक खोटी' हा खेळ मी पुण्याच्या एका ट्रेनिंगमध्ये शिकले. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, बाकीच्यांनी खोटी ओळखायची. तिथे लोक डोकं खाजवत बसतात. आमच्याकडे?

पेडण्याचा एक मुलगा ऐटीत उभा राहिला. "मी दशावतारात राक्षस केलाय. मला दोन बहिणी आहेत. बारावी मी एका झटक्यात पास झालो."

मागून लगेच आवाज, "खोटां! बारावीक ह्यो दोनदा बसलो. दुसऱ्या खेपेक माज्या मामान शिकवल्यान!"

आमच्या तालुक्यांत खोटं बोलायची सोयच नाही. कुणाची तरी मावशी शेजारी राहतेच.

* * *

मग नाशिकहून नवे मॅनेजर आले, जोगळेकरसाहेब. माणूस चांगला, पण हसायला महाग. आदल्या संध्याकाळी मला म्हणाले, "मॅडम, उद्याची बॅच शेवटची. हे खेळ पुढच्या महिन्यापासून बंद. फॅक्टरी आहे ही, बालवाडी नव्हे."

मला फार लागलं ते. रात्रभर भाषणंच डोळ्यांसमोर नाचत होती.

दुसऱ्या दिवशी हाच खेळ चालू असताना साहेब स्वतः येऊन मागे उभे राहिले. पोरांना काय माहीत! "साहेब, तुमी पण! तुमी पण!" साहेबांचा नाइलाज झाला. पुढे आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मला मासे आवडतात. मला पोहता येतं. आणि पुढच्या महिन्यापासून हे खेळ बंद."



कॅन्टीनच्या शांताबाई दारातूनच ओरडल्या, "मासे खरां! बांगडो रोज दोनदा मागून घेतत!"

राहिल्या दोन. तेवढ्यात सुलक्षा उठली. पेडण्याच्या आतल्या गावातली ही मुलगी सकाळपासून पिशवी मांडीवर घट्ट धरून दाराजवळ बसली होती. दुपारी ही पळणार, असं मी मनात धरूनच चालले होते.

"सायबांका पोवूक येता," ती म्हणाली. "मी सोताच्या डोळ्यांनी बगलंय. आमच्या गावच्या न्हंयच्या पाण्यात."

"मगे तिसरां खोटां!" सगळा हॉल ओरडला. टाळ्या, शिट्ट्या!

साहेब सुलक्षाकडे बघतच राहिले. शेवटी म्हणाले, "बरोबर. तिसरं खोटं."

सुलक्षाने पिशवी खुर्चीखाली ठेवली.

खेळ अजून चालू आहेत. सुलक्षाही आहे, आता पॅकिंगची लाइन सांभाळते.

गेल्या मे महिन्यात आमची सहल पेडण्याकडच्या एका तळ्यावर गेली. सगळी फॅक्टरी पाण्यात, साहेब एकटे पँट दुमडून पायरीवर.

"साहेब, उतरा की!" भिकू ओरडला.

"नको रे बाबा! मला कुठे पोहता येतं?"

पाण्यातली सगळी डोकी एकदम सुलक्षाकडे वळली. ती गळ्यापर्यंत पाण्यात, चेहरा अगदी शांत.

"येता तेंका," ती म्हणाली. "आज विसारले आसतले!"