सुजाता म्हणायला लागलेली सहा वर्षं

माझं अक्षर वेडंवाकडं, ऱ्हस्व-दीर्घ तर कायमचं चुकतं. चौथीनंतर हातातली पाटी सुटली आणि खुरपं आलं. हे कुणी वाचणार नाही, तरी चुकलंमाकलं आधीच माफ करून घेते.

पिकून पडलेल्या लिंबोळ्यांचा गोडसर, किंचित आंबूस वास आला की पेडगावच्या शाळेची ओसरी आणि ती सकाळ आठवते.

माझं नाव कचराबाई. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवून परत उचललं. टाकाऊ पोर मरणाच्या नजरेत भरत नाही, अशी आमच्याकडची समजूत. पुढे माझीही दोन गेली. तिसरी मुलगी झाली, तेव्हा मालकांनी विहारात तिचं नाव सुजाता ठेवलं. सुजाता म्हणजे चांगल्या जन्माची. ज्यांच्या जन्मालाच लोक विटाळ मानत आले, त्यांच्या घरात हे नाव दिव्यासारखं लागलं आणि मी घाबरले. एवढा उजेड मरणाला दुरूनही दिसेल. मालक महिनोन्‌महिने जिंतूरकडे सडकेच्या कामावर असायचे; घरी आले की तिला लाडानं नुसतं 'बाळ' म्हणायचे. त्यांच्या माघारी मी तिला धोंडी म्हणू लागले, मग सारी आळी म्हणू लागली, आणि सहा वर्षं ते खरं नाव मी ओठांवर येऊ दिलं नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरीत "सुजाता" असं तीनदा पुकारलं. ती लिंबोळी चोखत बसून राहिली.

"गुरुजी, ती धोंडी हाय!" पोरं ओरडली.

"मग बरोबर हाय. धोंड्याला कान कुठून?" गुरुजी हसले आणि खांबाआड उभ्या माझ्याकडे वळले. "हिचा बाप एक नाव सांगून गेला, पोरं दुसरंच म्हणायलेत. मावशी, तुमीच सांगा. एकदा लिहिलं की जन्माचं झालं बघा."

परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नसे. धोंडी म्हटलं तर पोर राहील, असं मन सांगत होतं. पण उद्या ती मोठी होईल, आणि कुणीही, कुठेही तिला धोंडाच म्हणेल.

"सुजाता," मी म्हणाले.

"मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हणाले. पोर माझ्याकडे बघत राहिली, जणू मी कुणा पाहुणीला बोलावलं होतं.

दिवसभर रानात धसकटं वेचताना नजर शाळेच्या वाटेवर होती. ऊन उतरलं तशी ती आली. धुळीनं माखलेली, गुडघा फुटलेला. "माय, लय भूक लागली." मी तिथंच खाली बसले, आणि सहा वर्षं धरून ठेवलेला श्वास सुटावा तसं रडू आलं.

वर्ष गेलं. गोवर गावात आला, तिच्या अंगावरूनही उतरला. वैशाखी पौर्णिमेला विहारात खिरीचा वास दरवळत होता, आणि उपासानं खंगलेल्या सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजाताची गोष्ट एक म्हातारे बाबा सांगत होते. सगळे त्या खिरीचं कौतुक करत होते. मी मागे बसून त्या सुजाताच्या आईचा विचार करत होते; लेकीला पहिल्यांदा या नावानं हाक मारताना तिचा आवाज किती मोठा निघाला असेल?