खांबावरचे दात

गिरणी बंद पडून इतका काळ लोटला की तिच्या आवारात आता शेळ्या चरतात, पण गल्ली या म्हाताऱ्याला अजून जॉबरच म्हणते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. अख्ख्या खात्याच्या खडखडाटात नेमका कुठला माग कण्हतोय हे ओळखायची त्याची एक रीत होती. लाकडाची काठी घ्यायची, एक टोक मागाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं. दातांतून आवाज थेट कवटीत उतरतो, कानाला विचारावंच लागत नाही. नवे कामगार म्हणायचे, "जॉबर चावतो, म्हणून माग भिऊन चालतात."

कानांनी मात्र दगा दिला. लहानपणापासून वाहते कान, त्यात गिरणीचा गोंगाट, मग राहतंय काय? दोनदा यंत्र आणलं, पण वाहत्या कानात ते टिकेना. शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले. जॉबरचं फारसं अडलं नाही. गिरणीतली माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच गप्पा मारायची, ती सवय कामी आली. पंचाईत फक्त घरात होती. बायको शिवणकाम करायची, आणि जन्मभर तोंडात टाचण्या धरून बोलल्यामुळे टाचण्या नसतानाही तिचे ओठ जेमतेम हलायचे.

"नीट बोल की! तोंडात काय धरलंयस?"

"तुमची अब्रू," बायको म्हणायची. तेवढं मात्र त्याला बरोबर वाचता यायचं.

एक दिवस बायकोच्या बहिणीची मुलगी टेम्पोतून चरखा घेऊन आली. आजोळच्या पोटमाळ्यावर सापडलेला, कोळ्यांनी विणून काढलेला. भाचीचं कापडाचं दुकान उघडायचं होतं.

"काका, काचेमागे ठेवणारेय. फिरला पाहिजे हं. आणि चाकाचा हा एक खांब उंदरांनी कुरतडलाय, तेवढं खाचांत लांबी भरून गुळगुळीत करा. रविवारी न्यायला येते."

बायको चरख्याकडे बघत जिन्यातच उभी राहिली. वर आली नाही. भाचीला चहासुद्धा विचारला नाही, आणि हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

माडीवरच्या खोलीत जॉबरचा संसार होता, म्हणजे रंधा, पटाशी, सरसाचं भांडं. फळ्यांची जमीन, पश्चिमेला खिडकी. त्याने चाक सोडवलं, सैल आरे चिकटवले, वाकलेली चाती, म्हणजे सुताची सळई, ठोकून सरळ केली, चाकापासून चातीपर्यंत नवी दोरी ताणली. चाक फिरलं, पण हाताला कुठेतरी अडल्यासारखं लागत होतं. सवयीने त्याने काठी शोधली. ती खाली राहिली होती. उतरायचा कंटाळा आला, म्हणून तो सरळ खांबाकडेच वाकला.

तोंड आपोआप एका खोबणीत बसलं.

तो दचकून मागे झाला. कुरतडलेला भाग त्याने बोटांनी चाचपला. उंदीर कडा खातो, आणि खातो तिथे खरखरीत ठेवतो. हे गुळगुळीत होतं, वापरून वापरून झिजलेलं. वर एक कमान, खाली एक कमान. चरख्यासमोर बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येतं, बरोबर त्या उंचीवर.

शहाण्या माणसाने इथे पटाशी खाली ठेवली असती. जॉबरने पुन्हा दात लावले आणि चाक फिरवलं.

विहिरीच्या तळाशी कुणीतरी घसा खाकरावा तसा आवाज आला. मग तो लांबला, गोल झाला, कवटीभर पसरला. कितीतरी वर्षांनी डोक्यात बाहेरून काहीतरी आलं होतं. त्याने डोळे मिटले. फळ्यांतून घरही वर चढत होतं. कडी वाजली, बादली टेकली. आणि मग पावलं. अनवाणी, हलकी. जिना चढून आली, दाराशी थांबली.

त्याने वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारीही. पावलं यायची, थांबायची, आणि मागे वळलं की रिकामी चौकट.

"तू वर येतेस का गं?" त्याने जेवताना विचारलं.

"मी कशाला येऊ?" बायकोने ताटातून मान वर केली नाही.

चरखा तोवर दुरुस्त झाला होता. लांबी भरायची तेवढी राहिली होती, आणि जॉबरला वेळ होत नव्हता. तो चाक फिरवत बसे. जेवायला बोलवायला खालून छताला काठी ठोकावी लागे. ते त्याला ऐकू येई, चांगलं ऐकू येई. पण उठवत नसे.

शनिवारी पावलं आली, आणि या खेपेला थांबली नाहीत. मागून खांद्यावर हात पडला. जॉबरच्या घशातून जे निघालं ते शेजाऱ्यांनीसुद्धा ऐकलं.

बायको होती. चेहरा पिठासारखा पांढरा. ती त्याच्या समोर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा ओठ पूर्ण उघडून बोलली.

"हे सोडा. माझी आत्या अशीच बसायची. तोंड खांबाला, डोळे मिटलेले, आणि हसायची. मी लहान होते, दाराआडून बघायचे. घरात म्हणायचे, हिला झपाटलंय, ही लाकूड खाते. हाका मारल्या तर वळायची नाही. मग चरखा माळ्यावर टाकला. तर ती दाराची चौकट धरायला लागली दातांत. मग खाटेचा पाय. मग एक दिवस भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच."

"मग आता दाराआडून तूच बघत होतीस?"

तिने मान डोलावली.

जॉबरने खोबणीवरून अंगठा फिरवला. "अगं, ती बहिरी होती."

"बहिरी नव्हती, आगाऊ होती! सगळे तसंच म्हणायचे." बोलता बोलता तिचा हात तोंडाशी गेला. "...पाठीमागून हाक मारली की वळायची नाही. समोरून मारली की यायची."

खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं. चाक स्वतःच्याच वजनाने किंचित हललं आणि थांबलं. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"ते काही असो. उद्या हे जाऊ दे," बायको म्हणाली. "आत्या त्यात हरवली, तिला आणायला तिथे कुणी गेलं नाही. तुम्ही तिथे गेलात तर मी काय करू? खाली बसून छत ठोकत राहू?"

"तूच ये की. त्या खांबाला हनुवटी टेकव आणि बोल."

"मी? त्या लाकडाला?"

"चावत नाही ते. चावतो मी."

ती हसली नाही. पण सरकली, पलीकडच्या खांबाला हनुवटी टेकवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. जॉबरने दात लावले.

एक बाई बोलली. जाड, खरवडलेला आवाज, शब्दाशब्दाला दम लागलेला. म्हातारी बाई.

जॉबरने झटक्यात तोंड काढून घेतलं. "ही कोण?"

बायको किंचाळून मागे झाली. "कोण? काय म्हणाली?"

"म्हणाली, आमटी नासली तर माझ्या नावाने ओरडू नका."

"अहो, ते मीच म्हटलं!"

"छे. तुझा आवाज असा नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिच्या लक्षात आलं, मग त्याच्या. इतकी वर्षं तिचे ओठ हलले की त्याच्या डोक्यात एक मुलगी बोलायची. बारीक, चढा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतला आवाज. तिची भांडणंसुद्धा त्या मुलीच्याच तोंडी असायची. त्या मुलीशी त्याने अख्खा संसार केला होता, आणि ही बाई एकटीच म्हातारी झाली होती.

"म्हातारी झालेय मी," बायको म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"दिसत होतं," जॉबर म्हणाला. "ऐकलं नव्हतं."

ती पुन्हा खांबाला टेकली. तो मात्र अडला. परक्या घराचं दार वाजवताना होतं तसं झालं होतं त्याला. मग वाकला. ती बोलत राहिली. बहिणीचं, गुडघ्याचं, नळाच्या गळतीचं, आत्याचं नाव काय होतं त्याचं. मधेच रडत असावी, कारण आवाज फुटत होता. जॉबर ऐकत होता, सावधपणे, नव्या शेजारणीचं ऐकावं तसं.

रविवारी भाची टेम्पो घेऊन आली. बायकोने खिडकीतून वाकून काहीतरी सांगितलं आणि टेम्पो रिकामाच परत गेला. काय सांगितलं ते खाली टेम्पोशी उभ्या जॉबरने तिच्या ओठांवरून वाचलं, आणि वाचताना डोक्यात त्या मुलीची वाट पाहिली.

ती बोलली नाही. जाड, खरवडलेला आवाज बोलला. त्यानंतर ती मुलगी पुन्हा कधीच बोलली नाही.