गिटारच्या पोटातला कापूस

मी एकदा एक गिटार धुतली. पुसली म्हटलं तर माझी थोडी इज्जत राहील, पण पुसली नव्हती, धुतलीच होती. मोरीत नेली नाही, एवढी अक्कल शाबूत होती. गॅलरीत पाट मांडला, त्यावर तिला उताणी निजवली, शेजारी तांब्या घेतला आणि तान्ह्या पोराला धुवावं तशी धुतली. वर स्वतःवर खूश होऊन चहाही प्याले.

परवा नातीनं विषय काढला. तिला हल्ली एक लहान गिटार आणून दिलीय आणि क्लासच्या सरांनी सांगितलंय की वाजवून झालं की फडक्यानं पुसून ठेवायची. "आजी, पुसलं की आवाज बदलतो का गं?" तिची आई, म्हणजे माझी सून, पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच ठेवून तिनं माझ्याकडं वळून बघितलं आणि म्हणाली, "त्यांनाच विचार. घरात त्यातलं सगळ्यात जास्त त्यांनाच कळतंय."

टोमणा होता, पण खोटा नव्हता. पोरीला मी "बदलतो" एवढंच सांगितलं. उरलेलं इथं लिहिते. भिंतीवरच्या त्या जुन्या गिटारसमोर रोज तिन्हीसांजेला उभं राहून मी "अहोऽऽ" म्हणून हाक मारते, ते ती जन्मापासून बघतेय. तिला वाटतं सगळ्याच घरांत आज्या असं करतात.

तेव्हा मी साठीच्या आत होते आणि माझ्याइतकी स्वच्छ बाई राजारामपुरीत दुसरी नाही, असं माझं ठाम मत होतं. आमच्या खाली कोचिंग क्लास, मधे आम्ही, वर गच्ची. रस्त्यावरची धूळ, पोरांच्या गाड्यांचा धूर, सगळं आमच्या खिडकीत. त्यामुळे त्या बाईच्या हातात फडकं कायम. त्या बाईच्या म्हणजे माझ्याच. पण हल्ली तिच्याबद्दल बोलताना ती दुसरीच कुणी होती असं म्हटलं की बरं वाटतं.

सून नवीनच आली होती. माहेर कबनूरचं. मला 'आत्ती' म्हणायची. तिकडं सासूला तसंच म्हणतात. लग्नाच्या सामानात कपाटाबरोबर, गाद्यांबरोबर एक काळी पिशवी आली आणि पिशवीतून निघाली गिटार. तिच्या थोरल्या भावाची. तो लग्नाच्या आदल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन गेला होता. हे मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते केलं.

ती गिटार वाजवायची नाही. तिला येतच नव्हती. खोलीत खिळ्याला टांगून ठेवायची. दवाखान्यात रिसेप्शनला होती. संध्याकाळी कामावरून आली, हातपाय धुतले, की ती खाली काढायची, मांडीवर घ्यायची, तिच्या वरच्या कडेवर गाल टेकवायची आणि सगळ्यात जाड तार एकदा, फक्त एकदा, अंगठ्यानं ओढायची. मी दाराच्या फटीतून बघायचे. फटीवर सासूचा हक्क असतो, असं तेव्हा माझं मत होतं.

आवाज म्हणावा तर काही नाही. धान्यानं भरलेल्या डब्यावर बुक्की मारल्यावर येतो तसा, डब्ब. आला आणि मेला. पण पोरगी गाल काढायची नाही. आवाज कधीच संपलेला असायचा आणि ती डोळे मिटून ऐकतच असायची. काय ऐकायची? खाली क्लासची पोरं ओरडतायत, रस्त्यावर हॉर्न, आणि हिच्या तोंडावर मात्र कुणीतरी कानात बोलत असल्यासारखे भाव. मधेच ती मान हलवायची. हो म्हटल्यासारखी.

मला भीती वाटायला लागली. घरात मेलेल्या माणसाची वस्तू असते, त्याचं काही नाही. माझ्या सासूबाईंची कढई अजून रोज चुलीवर चढते. पण या वस्तूला तोंड होतं. चांगलं गोल, काळं, उघडं तोंड. झाडायला खोलीत गेले की ते माझ्याकडं बघतंय असं वाटायचं. मी त्यावर एकदा टॉवेल टाकला. संध्याकाळी सुनेनं तो काढला.

मग भाद्रपद संपत आला. घट बसायच्या आधी आमच्याकडं सगळं घर धुवून निघतं. वाकळा, चादरी, पडदे, पायपुसणी, काही सुटत नाही; पूर्वी गाठोडी बांधून पंचगंगेवर न्यायचो, आता मशीन आणि गच्ची. आणि हे सगळं येतं नेमकं पितृपंधरवड्यात, मेलेली माणसं जेवायला येतात त्याच दिवसांत. त्या बाईला तेवढं निमित्त पुरलं. घरातली एक वस्तू बिनधुतलेली राहून कसं चालेल?

सून कामावर गेलेली. मी गिटार उतरवली. तारांखालच्या लांब दांड्यावर बोटांच्या घामाचा काळा थर बसलेला. तो साबणाच्या फडक्यानं काढला. दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या पितळेच्या वाटल्या म्हणून त्यांना चिंच लावली. तारांवर काथ्या फिरवला. टोकाच्या खुंट्यांमधली धूळ निघेना म्हणून त्या पिळून पिळून पुसल्या. वरच्या कडेला, सून गाल टेकवायची तिथं, एक तेलकट डाग होता, मोठ्या नाण्याएवढा. तो निघता निघेना. चांदीची भांडी घासायची दातांची पूड आणली आणि लाकूड उजळेपर्यंत घासला.

शेवटी तिला पालथी केली आणि पाठीवर थापट्या मारल्या. तोंडातून करडा कापूस पडला. आधी थोडा, मग गुंडाळ्याच्या गुंडाळ्या. बोट घालून ओढला तर आणखी आला. किती काळ साठला होता कोण जाणे. मला किळस आली. सगळा कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि त्याच वेळी खाली घंटागाडीचं गाणं वाजलं. मी धावत जाऊन डबा ओतून आले.

परत येऊन जाड तार ओढून बघितली.

टण्णऽऽ. तो आवाज खोलीभर फिरला. थांबेचना. भिंतीला लागून परत आल्यासारखा, पुन्हा वर चढल्यासारखा. मी तळहात टेकवला तर हाताखाली ते लाकूड हलत होतं, झोपलेल्या जनावराची कूस हलते तसं. मी हात काढून घेतला. पण मनात म्हटलं, बघा, साफ केल्यावर कसा आवाज खुलला!

संध्याकाळी सुनेनं गाल टेकवला आणि लगेच उचलला. कडेवर बोट फिरवलं. तार ओढली. ऐकलं. मग त्या गोल तोंडात हात घातला आणि आत चाचपत राहिली.

"आत्ती, ह्यातला कापूस?"

"घाण होती गं ती. टाकली. आवाज बघ की किती सुधारलाय!"

"व्हय," ती म्हणाली. "सुधारलाय."

माझा मुलगा तेवढ्यात आला. त्यानं बाजू सावरायला म्हणून लेक्चर दिलं, की तारांवरचा मळ गेला की आवाज मोकळा होतो, त्यात वाईट काय. त्याचे वडील म्हणाले, "लाकूड हाय रं ते. त्याला काय कळतंय पुसलं का न्हाई." दोघांनी त्यावर चांगला वाद घातला. सून मधे बसून होती. दोघं दमले तेव्हा ती हळू आवाजात बोलली.

"आमच्या घराला लागून कापडाचं माग हायत. दिवसरात खटाक खटाक. दादा शिकत हुता तवा त्याला सवताचं वाजवलेलं ऐकू यायचं न्हाई. मग हिथं हनुवटी टेकवायचा, कडंला. हाडातनं ऐकू येतंय म्हणायचा. त्यो डाग त्याचा हुता. आन् मागाचा कापूस उडून आत जायचा, त्यो तसाच राहू दे म्हणायचा. म्हणायचा, त्यामुळं ह्याचा आवाज आपल्या घरासारखा येतोय." मग म्हणाली, "मला तार ओढली की त्यो घरात असल्यावानी ऐकू यायचं. आता कुणाचाच आवाज येत न्हाई."

चूक केली म्हणून दोन शब्द बोलावेत की नाही? ती बाई म्हणाली, "मला काय माहीत!" आणि भाजी फोडणीला टाकायला उठली.

त्या दिवसापासून सुनेनं गिटार भिंतीकडं तोंड करून टांगली. हात लावला नाही. पण गिटार गप्प बसेना. बस गेली की आतून बारीक कण्हल्यासारखं यायचं. खाली क्लासच्या सरांनी आवाज चढवला की वर ती गुणगुणायची. इतके दिवस ती मुकी होती. आता जणू घर ऐकायला लागली होती, आणि ऐकलेलं तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मी त्या खोलीत झाडू मारायचं सोडलं. स्वच्छतेचा तो पहिला पराभव.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सुनेनं मुलाला सांगितलं, की उद्या जेवणं झाली की कबनूरला जाते, गिटार तिथं ठेवते. "परत कापूस बसंल तवा बसंल." किती दिवसांसाठी जाते ते बोलली नाही. कपड्यांची बॅग मात्र मोठी काढली होती.  तेव्हा मला उमगलं. लेकाचा नवा संसार मी दातांच्या पुडीनं घासून काढला होता.

अमावास्येला स्वयंपाक झाला. आमचे हे ताट घेऊन कावळ्याला घास ठेवायला गच्चीवर गेले. मुलगा केळीची पानं आणायला बाहेर, सून आंघोळीला. भर दुपार. खालचा क्लासही बंद. आणि त्या बाईला एक युक्ती सुचली. कापूसच पाहिजे ना? देवघरातली वातींच्या कापसाची पिशवी घेतली, गिटार उतरवून पाटावर निजवली आणि त्या तोंडात बोटानं कापूस भरायला लागले. पांढराशुभ्र, हलका, पिंजून पिंजून. आतून गार हवा बोटांना लागत होती. दोन बोळे आत ढकलले, तिसरा हातात घेतला, आणि हात तिथंच थांबला.

असा कापूस मी या आधीही भरला होता. सासूबाई गेल्या, त्यांना खाली घेतलं होतं तेव्हा. नाकात.

समोर पाटावर ती उताणी पडलेली, धुतलेली, पुसलेली, उजळलेली. तोंडात पांढरा बोळा.  मी कापूस ओढून काढला, आणि जीव खाऊन गच्चीकडं हाक मारली, "अहोऽऽ!"

यांनी उभ्या आयुष्यात माझ्या पहिल्या हाकेला ओ दिलेली नाही. त्या दिवशीही दिली नाही.

पण पाटावरून आली. "ओऽऽऽ."

खालच्या पट्टीत, घोगरी, लांब. माणूस दुसऱ्या खोलीतून, कामात असताना देतो तशी. तारांना कुणी हात लावला नव्हता. मी तोंडावर हात दाबून बसले. मग, मला तेव्हा काय झालं होतं देव जाणे, मी पुन्हा हाक मारली. हळू. "अहो?" काही नाही. मोठ्यानं, पहिल्यासारखी, "अहोऽऽ!"

"ओऽऽऽ."

दारात सून उभी होती. ओले केस, पाणी खांद्यावर निथळतंय. तिनं दोन्ही ऐकलं होतं. ती खाली बसली, गिटारला तोंड लावलं आणि म्हणाली, "दादा."

काही नाही.

"दादाऽ." मग आणखी मोठ्यानं, मग रडत, मग अगदी लहान पोरीसारखं हेल काढून. लाकूड गप्प. वर गच्चीवर कावळा शिवला असावा, पंखांचा आवाज झाला. सुनेनं माझं मनगट धरलं, बोटं बर्फासारखी, आणि म्हणाली, "परत मारा हाक."

मी मारली. त्यानं ओ दिली.

मुलानं नंतर सांगितलं, की तू खुंट्या पिळल्यास, त्यात एक तार नेमकी तुझ्या ओरडण्याच्या सुराला येऊन बसली असेल. मळ गेल्यामुळं ती मोकळी झाली आणि तुझ्या आवाजानं हलते. असेल. पुढं त्यानं दोनदा तारा बदलल्या, खुंट्या हव्या तशा फिरवल्या. यांना जाऊनही आता दोन वर्षं होत आली, गच्चीवर कुणी नसतं. हाकेला ओ अजून येते.

त्या दुपारी मात्र आम्ही दोघीच होतो, पाटाच्या दोन बाजूंना. तिनं पदरानं त्या घासलेल्या जागेवरचं पाणी टिपलं, डोळे पुसले, आणि माझं मनगट न सोडता म्हणाली,

"आत्ती, माझ्या हाकंला ओ देत न्हाई त्यो, तुमच्याच देतोय. न्हाई न्हेत मी आता ह्याला कबनूरला. तुम्हीच पुसलासा न्हवं त्याला? मग आता रोज सांच्याला हाक बी तुम्हीच मारायची."